दाताला कल्हई

विसूकाका पोटफोडे तांबट आळीतून चालत आले,
खुर्चीत बसले तरी कानांत ठोका चालूच.
साठ वर्षं हातोडी ऐकलेला माणूस
हळू बोलूच शकत नाही.
"खालची, उजवीकडची, मागून दुसरी!"
बाहेर बसलेल्या दोघींनी आपापले गाल धरले.

कीड काढली. मग आतून थोडं कोरलं,
तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद,
कारण हा धातू दाताला चिकटत नाही,
त्याला अडकून राहावं लागतं.
आरशात दाखवलं तर म्हणाले, "हा तर गडवा."
कॉलेजात सरांनी अख्खा तास घेऊन शिकवलेलं
असं एका शब्दात.

"यात घालणार काय?"
चांदी. तांबं. कथील.
तांब्याला त्यांनी मान डोलावली,
परगावी घरचं माणूस भेटल्यासारखी.
कथलाला हसले. "म्हणजे दाताला कल्हई!"
"आणि जवळजवळ निम्मा पारा," मी म्हणाले.

हसू जागच्या जागी राहिलं.
सराफ बाजारात मुलामा द्यायचा त्यांचा मावसभाऊ.
पाऱ्यात सोनं कालवायचा, मूर्तीला फासायचा,
शेगडीवर धरायचा.
पारा उडायचा, सोनं राहायचं.
चाळिशीत त्याचे हात असे कापायला लागले
की चहाची बशी बायकोनं धरायची.
"तो पारा
तुम्ही माझ्या तोंडात भरणार?"

काही होत नाही हो, असं म्हणता आलं असतं.
बाहेर अजून पाच जण होते.
मी स्टूल जवळ ओढलं.
तो मोकळा होता, काका, श्वासातून गेला, वर्षानुवर्षं.
हा चांदीत बांधला जातो.
चावताना वाफ सुटते, नाही असं नाही,
पण फार थोडी.
गरोदर बाईला मी हा भरत नाही,
पाजणारीला नाही, लहान मुलांना नाही,
मूत्रपिंड अधू असेल तर नाही.
तुम्ही चौऱ्याहत्तरचे, अजून फुटाणे फोडता.
पांढरं हवं तर तेही आहे,
पण त्याला ओल सोसत नाही,
आणि तुमची ही दाढ लाळेच्या डोहात.

पंख्याकडे बघत राहिले.
मग तोंड उघडलं.
खुर्चीतल्या माणसाचा होकार असाच असतो.

कुपी यंत्रात घातली, आठ सेकंदं थरथरली.
सरांच्या काळी हे तळहातावर मळत,
तंबाखूसारखं, उघड्या हातानं.
दाबताना ते करकरतं, नव्या वहाणेसारखं.
थरावर थर. वर आलेला ओलसर पारा खरवडला,
चुरा बरणीत, घट्ट झाकणाखाली.
बेसिनमध्ये नाही.
माझ्या बेसिनचं पाणी शेवटी कुठे पोचतं
ते मला ठाऊक आहे.
तिथे लोक पापं धुवायला येतात.

"चावा." निळा कागद.
"उंच लागतंय."
घासलं.
"अजून. केसभर."
मला काही दिसत नव्हतं. तरी घासलं.
"आता बसलं," म्हणाले,
आणि दोनदा दात वाजवून
घागरीचा बूड तपासावा तसा आवाज ऐकला.

"उद्यापर्यंत या बाजूनं चावू नका, कडक होऊ दे."
"मला सांगता?"

पैसे मोजून दिले, नोटांना हिरवट वास.
दारात थांबले.
"बाई, आणि अमरधामला?
तिथली शेगडी मोठी."

वीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.
"तिथे सुटेल," मी म्हणाले. "पारा उडेल,
चांदी राहील."
"भावासारखंच की,"
ते म्हणाले, आणि मला वाटलं आता परत येतील,
काढा म्हणतील.

जिना उतरताना काहीच बोलले नाहीत.
जीभ त्या दाढेवर फिरत असणार.
एवढा वेळ गप्प राहिलेले
मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.