मिश्र धातू, सव्वा किलो

शारजात, सज्जाच्या भंगारपट्ट्यात
मी वजनकाट्यावर बसतो.
ट्रक भरून आला की वजन,
रिकामा निघाला की वजन,
मधला फरक लिहायचा.
अकरा वर्षं मधला फरक लिहितोय.

पहिला सापडला तो बैल.
एसीच्या कॉइल, नळाच्या तोट्या, जहाजाचा वाकडा पंखा,
आणि खाली हा, वशिंडाचा, वीतभर,
एक शिंग गेलेलं,
खुरांतून आरपार भोकं. कधीतरी चाकं असावीत.
पावती मीच फाडली, माझ्याच नावाने,
भंगाराच्या भावाने.

मग नादच लागला.
दीरचा गुल जमीन नखाने टिचकी मारून सांगतो:
पितळ बोलतं आणि गप्प होतं,
कासं बोलून झाल्यावरही थोडं बोलत राहतं.
पाठीला जाळी असलेला, ऊद जाळायचा सिंह.
झाकण हरवलेला मोर.
आणि एक जनावर,
हरण म्हणावं तर दाढी,
बोकड म्हणावं तर एवढी ऐट कुठली.

खोलीत आम्ही सहा, फ्रिज एक.
जनावरं फ्रिजवर.
कंप्रेसर सुरू झाला की कळप बारीक थरथरतो.

फोनवर मालन म्हणते, किती कळकलेत,
चिंच लावून घासा की.
म्हटलं, तो हिरवा रंग म्हणजे त्यांचं वय,
घासलं की जातं.
असं होय, ती म्हणाली,
मग मीही केस रंगवायचे बंद करते.

भट्टीवरचा हुसेनअली विचारतो, वाचवतोस काय?
बैल व्हायच्या आधी ही कुणाची परात असेल,
परातीआधी घंटा.
वितळणं त्याला नवीन नाही.
मला उत्तर सुचलं नाही.
त्या दिवशी सांडणी आली होती, पोट फुटलेली.
मी पावती फाडली.

काल रात्री बैल उलटा करून पाहिला.
पोटाखाली अंगठा आहे.
ओतण्याआधी, मेणावर उमटलेला.
मेण गेलं, माणूस गेलं,
रेषा राहिल्या.
माझा ठेवून पाहिला, हजेरीच्या यंत्रावर रोज ठेवतो तोच.
यंत्र हल्ली ओळखत नाही,
भंगार चिवडून झिजलाय म्हणतात.
बसला नाही.
तो लहान होता. बाईचा असेल, किंवा पोराचा.

उरलेलं शिंग भिंतीकडे करून
बैल जागेवर ठेवला.
पाच चाळीसला बस.