शेरा

रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा.
बोटभर रुंद.
तालुक्याहून सांगणं होतं : तिथे 'निरंक' लिहा.

मी लिहिलं :
पास्कू डिसोजा, ताप नाही, ऑक्सिजन ९३,
सारखा विचारतो होडीवर पाणी मारलं का कुणी,
लाकूड उन्हात फाटतं.
अक्षर रेघ ओलांडून
शेजारणीच्या खोकल्यात गेलं.

शाळेत, तिसरीच्या वर्गात, चाकरमानी.
चौदा दिवस.
शेवंती खिडकीतून स्वतःच्याच घराची कौलं मोजायची.
आई गडग्यावर पेज ठेवून मागे सरायची
आणि तिथून ओरडायची,
"मीठ घातलंय गो, चाखून बघ!"

वाडीच्या तोंडावर करवंदीच्या काट्या
टाकल्या आम्ही.
आम्ही म्हणजे मीसुद्धा.
रत्नाकर सारंग पनवेलहून चालत आलेला,
दोन रात्री सड्यावर झोपला.
तो पॉझिटिव्ह नव्हता, मेलाही नाही,
कुठल्याच रकान्यात बसेना.
त्याला मी मागच्या कोऱ्या पानांवर घेतला.
तिथून हे सुरू झालं.

पुढे त्या पानांची झेरॉक्स
वेंगुर्ल्याच्या पोस्टातून रजिस्टर्ड.
पुण्याहून आठ महिन्यांनी उत्तर :
भाषा ताजी आहे. विषयाला लोक कंटाळलेत.
आकडे काढा, थोडा समुद्र घाला.

समुद्र होता की.
शाळेमागे, पन्नास पावलांवर.
बघायला वेळ कुणाला होता?

दुसऱ्याने छपाईचा खर्च मागितला.
माझा भत्ता अजून तालुक्याहून निघायचाय.

परवा प्रशिक्षणात साहेब म्हणाले,
साथीतून काय शिकलात, तीन मुद्द्यांत सांगा.
मी उभी राहिले.
एक : काट्या कुणी टाकल्या, ते नावानिशी लिहून ठेवायचं.
तेवढ्यात चहा आला.

यंदा सावंतवाडीच्या एका दिवाळी अंकाने
एक कविता घेतली.
९३ चे ३९ झाले छापताना.
पास्कू अंक घेऊन पायरीवर हजर,
"बाये, एकोणचाळीसार मी मेलो असतंय!"

मानधन म्हणून दोन प्रती.
दोन्हींत पेनाने दुरुस्त केलं,
बाजूला सही, तारीख, रजिस्टरात करतो तशी.
बाकीच्या पाचशे घरांत
तो गेलेलाच आहे.
इथे मात्र होडीखाली उताणा पडून
डांबर लावतोय,
आणि मला म्हणतो, जरा तो डबा सरकव.