मु. पो. फाइली

चार माणसं, तीन रात्री, एक नकाशा.
विदुलाच्या ओट्यावर पसरलेला,
उडू नये म्हणून उत्तरेला मीठदाणी, दक्षिणेला लोणच्याची बरणी
आणि पूर्वेला, जिथे नुसता निळा समुद्र,
तिथे सुधन्वाचा चहाचा कप.
उचलला तर खाली गोल, ओला, तपकिरी डाग.
"बेट," फिलोमिना म्हणाली. "इथंच जाऊ."

रोज बिऱ्हाड हलवायचं नाही, एवढं आधीच ठरलेलं.
मुक्काम पोस्ट एकच असावं,
सकाळी तिथून निघावं, रात्री पाठ टेकायला परत.
"म्हणजे गाव कसंही चाललं," मी म्हणाले.
"कसंही कसं?" सुधन्वाने कानावरची पेन्सिल काढली.
लीड्समधल्या निम्म्या दुकानांची ऑडिटं केलेला माणूस,
त्याने रकाने आखले : स्टेशन, किराणा, स्वयंपाकघर, चढ.

स्कारबरो : गाड्या भरपूर, माणसंही.
रॉबिन हुड्स बे : रेल्वे नाही, आणि उतार असा
की बॅगा आधी पोचतील, आपण मागून.
ब्रिडलिंग्टनला विदुलाने नाक मुरडलं.
कारण दिलं नाही. कुणी मागितलंही नाही.

मग बोट व्हिटबीवर आलं आणि तिथेच बसलं.
बंदर, टेकडीवर पडका मठ, खाली ताजी मासळी,
सुधन्वाच्या रकान्यांत ओळीने बरोबरच्या खुणा.
मी म्हणाले, तिथे वारा फार.
"समुद्रावर वारा नाही तर काय पंखा असणार?"
म्हणाले, महाग पडेल.
सुधन्वाने आकडा वाचून दाखवला. महाग नव्हतं.
म्हणाले, तिथले सीगल हातातलं खाणं पळवतात.
यावर कुणी काही बोललंच नाही.
सगळे माझ्याकडे बघत होते
आणि मी मीठदाणीकडे.

एकशे नव्व्याण्णव पायऱ्या आहेत तिथे.
मी मोजल्यात.
चढताना दोघांनी मिळून,
उतरताना एकटीने.

फिलोमिना वसईची.
तीस वर्षं वॉर्डात रात्रपाळी केलेली,
कुठे दुखतंय हे तिला सांगावं लागत नाही.
तिने नकाशावरून मानही वर केली नाही.
"माझा गुडघा," म्हणाली. "त्या पायऱ्या मला नाय जमायच्या."
"तुझा गुडघा? कधीपासून?"
"आता. पन्नाशी उलटल्यावर तो काय विचारून येतो?"
आणि तिचं बोट किनाऱ्याकिनाऱ्याने घसरत खाली आलं,
ज्याचं नाव कुणीच काढलं नव्हतं अशा एका गावावर.
फाइली. लांबच लांब सपाट वाळू. छोटं स्टेशन.
सुधन्वाने नवा रकाना आखला : गुडघा.
त्यात फाइलीला पैकीच्या पैकी.

मे महिना. मुक्कामाचा दुसरा दिवस, ओहोटी.
ब्रिगचा खडक समुद्रात लांबवर उघडा पडलेला,
शेवाळ, कालवं, खळग्यांत मागे राहून गेलेलं पाणी.
विदुला आणि सुधन्वा कोरड्या वाळूवर
थर्मास राखत बसलेले, रात्रीच्या आमटीवरून भांडत.
मी जपून, एकेक पाऊल चाचपत,
आणि माझ्या कितीतरी पुढे,
पँट पोटरीपर्यंत दुमडून, बूट हातात,
फिलोमिना.
या दगडावरून त्या दगडावर, टुणकन,
मध्येच वाकून शिंपला उचलणार, हुंगणार,
होता तिथेच परत ठेवणार.

"अगं, गुडघा!" मी ओरडले.

ती थांबली. खाली पाहिलं,
आधी डावीकडे, मग उजवीकडे,
जसा कुठे ठेवलाय ते आठवत नसावं.
"चल लवकर," म्हणाली,
"पाणी परत फिरायच्या आत."