पाऊणपट

साखरी नाट्याच्या बर्फाच्या कारखान्यात
हिशेबाच्या खोलीला ॲमोनियाचा वास आहे
आणि जुन्या संगणकाच्या पाठीवर मिठाचा पांढरा थर.
सोसायटीचे सेक्रेटरी मकबूल होडेकर म्हणाले,
"जुनं यंत्र बसलं. नवं आणलं.
फायली सगळ्या उचलल्या, एक पण सोडली नाही.
तरी भरतीचं पान निघत नाही."

मी फाइल चालवून बघितली.
लिस्पने पहिली ओळ वाचली
आणि दारातूनच परत पाठवली:
ही बांधणी एकोणिसाव्या आवृत्तीची,
माझी बावन्न.
एवढंच. रागावून नाही.
गेल्या वर्षीचा पास दाखवल्यावर
तरीवरचा माणूस मान हलवतो, तसं.

शेवड्यांनी लिहिलं होतं हे, सत्त्याण्णव साली.
विद्याधर शेवडे, पुण्याची नोकरी सोडून आडिवऱ्यात राहिलेले.
मूळ लिखाण गेलं;
ज्या डिस्कवर होतं ती पुसून
पुतण्याने लग्नाचे फोटो भरले.
राहिली ती ही,
यंत्राने यंत्रासाठी चावून ठेवलेली.
तिच्यातून मूळ परत काढणं म्हणजे
खारवलेला बांगडा पाण्यात सोडून
पोहतो का बघणं.
एकोणिसावी आवृत्तीही मिळवली कुठून कुठून.
ती या प्रोसेसरवर उभीच राहीना.

मग फाइल कच्चीच उघडली.
चिन्हांचा चिखल, ओहोटीच्या खाजणासारखा,
आणि त्यात खुंट दिसावेत तशी नावं.
बांधणीत नावं मोडत नाहीत,
हे ठाऊक होतं मला, तरी दचकले.
रोमन अक्षरांत, पण आपलीच:
उधाण. भांग. खाडीचं-तोंड.
तिथी. पाऊण.
आणि एक, युनूस-म्हणतो.

युनूसचाचा ऐंशीचे आहेत. पडवीत जाळं विणत होते.
"शेवडे यायचा. वही घेऊन.
मी बोलायचो, तो कंस काढायचा.
एवढे कंस कशाला रे, विचारलं,
तर म्हणाला, उघडला तो मिटायचा,
नाहीतर पाणी आत येतं."

सुई दातात धरून त्यांनी हिशेब सांगितला:
तिथीची पाऊणपट कर.
आज एकादशी ना? सव्वाआठ.
अमावास्या? सव्वाअकरा.
तेव्हा भरती पुरी.
आणि खाडीच्या आत पाव तास उशिरा.
"तो पाव तास माझा. पंचांगात नाही मिळायचा."

मी लिहून घेतलं. उठले.
"पण तो आता खरा नाय," चाचा म्हणाले.
धक्का बांधला, गाळ बसला,
पाणी आता अडखळत येतं.
वीस मिनिटं धर. कधी जास्त.
"तुझी फाइल उघडली असती ना,
तरी होडी रुतली असती."

रात्री कारखान्यातच बसून लिहिलं.
तीन छेद चार.
लिस्प अपूर्णांक तसाच ठेवते,
त्याची शून्य पूर्णांक पंच्याहत्तर अशी भुकटी करत नाही.
पाऊण म्हणजे पाऊण.
शेवड्यांनी हीच भाषा का धरली
ते तेव्हा कळलं,
किंवा कळलं असं मी ठरवलं.

युनूस-म्हणतो: वीस मिनिटं.
वर शेरा, मराठीत:
दर पावसाळ्यानंतर जाऊन विचारा. ते नसतील तर
जो रोज खाडीत जातो त्याला.
बांधून ठेवलं नाही यावेळी काही.
उघडं लिखाणच चालू द्या, म्हटलं.
मकबूलभाई घड्याळ बघत राहिले.
"पूर्वी झटकन यायचं."
हो. यायचं.

सकाळी पान निघालं.
द्वादशी. नऊ वाजून वीस.
धक्क्यावर चाचांनी ते घडी करून खिशात घातलं
आणि शेवटच्या पायरीकडे बघत उभे राहिले.
पाणी चढलं, चढलं, थांबलं.
मी घड्याळ बघितलं. त्यांनी नाही.

"बावीस," म्हणाले.