पाटी आणि गाडी

शटर अर्ध्यावर ओढलं होतं.
खुडेमामा वाकून आत आले.
कात्रज डेपोचे कंडक्टर, निवृत्तीला सात महिने.
खाकी खिशातून पेन ड्राइव्ह काढला,
प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर.
"सुवर्णाची पीएचडीची तोंडी परीक्षा आहे यात.
भाच्यानं उतरवून दिली. टीव्हीवर लागत नाही."

उघडून पाहिलं. चाळीस केबी.
चित्र नाही, आवाज नाही, नुसती यादी.
तुकडा शून्य, सहा सेकंद, पत्ता.
तुकडा एक, सहा सेकंद, पत्ता.
तुकडा दोन,
आणि असंच पाचशेवीसपर्यंत, पाढे म्हटल्यासारखं.

"मामा, यात व्हिडिओ नाहीये.
व्हिडिओ कुठं आहे ते लिहिलंय फक्त."
ते पडद्याकडे बघत राहिले.
"म्हणजे थांब्यावरची पाटी.
गाडी नव्हे."

पाच वर्षं गिऱ्हाइकांना समजावतेय,
मला हे सुचलं नव्हतं.

गाड्या विद्यापीठाच्या सर्व्हरवर उभ्या.
सुवर्णाला फोन लावला. ती म्हणाली,
परवानगीचं पत्र आहे, पाठवते,
पण ताई, एकतीसला ते सगळं पुसणारेत.
कॅलेंडरवर एकोणतीस.

काळ्या खिडकीत एकच ओळ टाइप केली.
यादी वाच, तुकडे आण, एकाला एक जोड,
आतलं काही बदलू नकोस.
(नव्यानं शिजवायला घेतलं की रात्र जाते
आणि चेहरे पिठूळ होतात.)

निघाले अठरा सेकंद.
रिकाम्या खुर्च्या, कुणीतरी पंखा बंद करतंय.
मग मशीन नुसतंच थांबून राहिलं, वाट बघत.

तेव्हा लक्षात आलं.
यादीच्या तळाशी 'संपलं' अशी एक ओळ लागते,
ती घालायची राहिली होती.
मशीनच्या हिशेबात
दोन हजार एकवीसच्या जूनपासून
कार्यक्रम अजून चालूच आहे,
पंखा अजून बंद होतोय,
आणि जो उशिरा येईल
त्याला ते शेपटीपासूनच दाखवणार.

ती ओळ मी हातानं लिहिली.
मामांना म्हटलं, आता पहिल्या थांब्यापासून.

एकशे सत्याऐंशी, आला.
एकशे अठ्ठ्याऐंशी, सापडत नाही.
परत मागितला. सापडत नाही.
तिसऱ्यांदाही तेच.
"सहा सेकंद गेलेत, मामा. कायमचे."
"एक फेरी रद्द झाली
म्हणून रूट बंद करतात होय?"

चार मिनिटांत बावन्न मिनिटं जोडून झाली.
लावून बघितलं.
वेताळ टेकडीचा नकाशा, सुवर्णाचा निळा कुर्ता,
मागं कुकरची शिट्टी, ती दचकते, हसत नाही.
अठराव्या मिनिटाच्या शेवटी
बाहेरचे परीक्षक चष्मा काढतात, तोंड उघडतात,
चित्र उडी मारतं,
आणि ती आधीच बोलत असते,
"नाही सर. वणव्यानंतर गवत परत येतं,
पण तेच नाही. पवन्या मागं हटतो,
आधी कुसळी येते."

"काय विचारलं असेल त्यांनी?" मी म्हटलं.
"असेल काहीतरी. उत्तर बरोबर आहे ना?"
"मला गवतातलं काय कळतंय."
"मलाही नाही," म्हणाले
आणि आवाज वाढवला.

तेवढा भाग त्यांनी चारदा बघितला.
परीक्षकांचं तोंड चारदा उघडलं.

दीडशे झाले म्हटलं.
दहाच्या नाण्यांचे तीन गड्डे लावले काउंटरवर,
न बघता, बोटांनीच मोजून.
पेन ड्राइव्ह पिशवीत, पिशवीला रबर.
बाहेर पडून
शटरवर दोनदा टकटक केलं.

डबल बेल. सवय.
मी लाइट बंद केला.