जिरं

उद्यमबागेत, चौथ्या गल्लीत, पत्र्याच्या शेडखाली
सात अक्षांचं यंत्र आलं
तेव्हा नारळ भरमाण्णांनीच फोडला.
पाणी काचेच्या दारावर उडालं,
ते त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं पुसलं.

त्यांचं जुनं ऑटो शेजारीच, तेलानं काळं.
त्याचे कॅम त्यांनी कानस मारून उतरवलेले,
एकेका पिनेसाठी वेगळे:
इथं चढ, इथं उतार,
एक फेरा झाला की एक पीस.
आता खिळ्याला टांगलेत,
कडेनं कुरतडलेल्या भाकरीसारखे.

मी डिप्लोमावाली. बटणं माझी.
बार गाईडबुशातून डोकं काढतो,
टूल त्याला तोंडाशीच गाठतं,
समोरून दुसरा स्पिंडल येतो, धरतो, तोडून नेतो,
आणि तो पाठीचं भोक पाडतोय तोवर
इकडं पुढच्याचं तोंड साफ.
अकरा सेकंद.
ट्रेमध्ये टिक्.

फक्त चार वाजले की माप पळायचं.
तीन मायक्रॉन, कधी चार.
ऑफसेट दिला, पुन्हा पळालं.
स्क्रीन हिरवीगार.
पुण्याहून फोनवर कंपनीचा माणूस म्हणाला,
मॅडम, वॉर्म-अप करा.
सकाळपासून चाललेल्या यंत्राला!

तिसऱ्या दिवशी भरमाण्णा स्टूल घेऊन बसले.
यंत्राकडं बघेनातच. फरशीकडं बघत राहिले.
पश्चिमेच्या पत्र्याला एक फट,
तिच्यातून उन्हाची पट्टी
सरकत सरकत
चारला दहा कमी असताना बेडवर चढली.
"बिसिलु," ते म्हणाले,
आणि मग माझ्यासाठी, "ऊन खातंय गं हे."
गोणपाट दुहेरी करून फटीवर टांगलं.
माप जागेवर.

वहीत कारणाचा रकाना असतो.
मी लिहिलं: ऊन.
मालकांनी दोनदा वाचलं, सही केली.

ड्रॉइंगवर ह्या भागाला नाव नाही,
नुसता नंबर, शेवटी रेव्हिजन सी.
"बसतं कुठं हे?" भरमाण्णांनी विचारलं.
मला माहीत नव्हतं. मालकांनाही.
पेटी चेन्नईला जाते, तिथून पुढं कुठंतरी.
त्यांनी एक पीस अंगठ्याच्या नखावर घेतला,
चष्मा कपाळावर सारला, वास घेतला.
"जिरं," म्हणाले.

तेव्हापासून शेडमध्ये तेच नाव.
रात्रपाळीचा मडिवाळप्पा त्याला जीरगी म्हणतो.
चप्पल झाडून, तळव्यातली कीस काढून
मी निघते, तेवढ्यात त्याचा आवाज,
"जीरगी किती झाली, अक्का?"
अठराशे.
आणि ते गोणपाट काढू नकोस रे.