मालक या रकान्यात

महापेच्या सातव्या मजल्यावर
मला काम आहे नावं सरळ करायचं.
चार हजार एकशे बारा सर्व्हर,
एकही डोळ्यांनी पाहिलेला नाही,
भाडं मात्र तासातासाचं.

पुण्याची टीम लिहिते प्रॉड,
चेन्नईवाले प्रॉडक्शन,
आमच्यातल्याच कुणीतरी प्रॉडच्या पुढे
एक मोकळी जागा सोडलीय,
जी दिसत नाही
आणि बेरीज चुकवते.
मोठा पी आणि छोटा पी
मशीनच्या लेखी भाऊबंदही नाहीत.
मालकाच्या रकान्यात: टेस्ट. टेम्प. नंतर भरू.
एका ठिकाणी नुसतंच सुजय,
आडनाव नाही, आणि सुजय कॅनडात.

गोठिवलीत आमच्या आळीत
लग्नाला टोप, पराती, कळश्या घरोघरून यायच्या.
काकी आदल्या रात्री ऑइलपेंटची डबी घेऊन बसायची.
मढव्यांना तांबडा ठिपका, घरतांना हिरवा,
आम्हाला दोन पांढरे, बुडाला.
बुडालाच. पोटावर लावला तर घासणाऱ्या बाया घालवतात.
आणि दोन म्हणजे दोन.
एका वर्षी तात्यांनी घाईत एकच लावला,
आमची परात अजून तळवलीत
कुणाच्या तरी भाकऱ्यांच्या कामाला आहे.

हे मी मीटिंगमध्ये सांगितलं नाही.
मीटिंगमध्ये मी म्हटलं, पॉलिसी.
सगळं छोट्या अक्षरांत, सहा रकाने सक्तीचे,
सोमवारपासून बिननावाचं काही जन्मालाच येणार नाही.
एकाने विचारलं, जुन्यांचं काय.

जुन्यांतला एक होता, टॅग एकही नाही,
तीन वर्षं चालू, महिन्याला अकरा हजार.
मेल टाकले. पुन्हा टाकले. कुणी ओ दिली नाही.
गुरुवारी बारा वाजता मी तो बंद केला,
उतरलेल्या आलेखाचा स्क्रीनशॉट
साहेबांसाठी काढून ठेवला.

सव्वाबाराला खाली कॅन्टीनमध्ये
कूपनचं मशीन गप्प.
रांग जिन्यापर्यंत.
बाळाराम कुणावर चिडला नाही.
गल्ल्याखालून दोनशे पानी वही काढली
आणि लिहायला लागला:
भरत, चौथा मजला, एक थाळी.
लांब केसवाली, चौथाच, भात नको.
नवीन पोरगा, पैसे उद्या.
माझी पाळी आली. त्याने न विचारता लिहिलं,
नाववाली मॅडम, सातवा, दोन चपात्या.

वर येऊन तो चालू केला.
मालक: बाळाराम मढवी, कॅन्टीन.
माझ्याच पॉलिसीने नाकारलं.
कंपनीचा ईमेल हवा. त्याला नाही.
मग माझा घातला,
सगळा छोट्या अक्षरांत, पुढेमागे जागा न सोडता,

आणि यादीत नसलेला सातवा रकाना उघडून
तिथे दोन टिंबं ठेवली.
पुढच्या तपासणीत कुणीतरी विचारेलच, हे काय.